आमची वाडी जनगणनेत आहे कुठे? मुंबईकर ग्रामस्थांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईतल्या जवळपास प्रत्येक ग्रामस्थ मंडळावर एकदा तरी ही वेळ येते. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायची असते, नळपाणी योजनेसाठी अर्ज करायचा असतो, नाहीतर नव्या पोरांपैकी कुणीतरी गावाचा नकाशा करायला घेतलेला असतो. मग कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव होतो, ‘गावाची सरकारी लोकसंख्या टाका.’ काम ज्याच्या गळ्यात पडतं तो रात्री मोबाइल उघडून बसतो आणि त्याला गावच सापडत नाही. हे पान त्याच्यासाठी. उदाहरणं बहुतेक कोकणातली आहेत, कारण विचारणारे बहुतेक तिकडचेच. पण घाटावरच्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सेन्ससच्या यादीत आमच्या वाडीचं नावच नाही. आमची नोंदच झाली नाही का?

नोंद झाली आहे, पण वेगळ्या नावाखाली. जनगणनेत ग्रामीण भागाचा सगळ्यात लहान घटक म्हणजे महसुली गाव. मोजणी होऊन ज्याची हद्द ठरली आहे आणि ज्याचं स्वतःचं दप्तर आहे, ते महसुली गाव. वाडी, कोंड, पाडा, वस्ती, तांडा यांची माणसं मोजली जातात, पण आकडा मूळ गावाच्या बेरजेत जातो. तुमच्या गावात बारा वाड्या असतील आणि देवळात बारा मानकरी बसत असतील, तरी छापील तक्त्यात ओळ एकच.

उलटही होतं. ज्या गावात आज एकही माणूस राहत नाही, पण ज्याची महसुली हद्द कायम आहे, असं बेचिराग गाव यादीत असतं. त्याच्यापुढे लोकसंख्येच्या रकान्यात काही नसतं, एवढंच. म्हणजे माणसं नसलेल्या गावाला ओळ मिळते आणि दोनशे माणसांच्या वाडीला मिळत नाही.

याची किंमत आपण पाहिली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखाली दरड कोसळली. इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी, स्वतंत्र महसुली गाव नव्हे. किती माणसं ढिगाऱ्याखाली असतील याचा अंदाज बांधायला जनगणनेचा आकडा उपयोगी पडणं शक्यच नव्हतं. वाडीत कोण राहत होतं, हे स्थानिक नोंदी आणि वाचलेल्या माणसांकडूनच कळणार होतं. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात दरड पडली तेव्हा बातम्यांत नाव ‘तळीये’ असं आलं, पण गाडली गेली ती तळीयेची कोंढाळकरवाडी.

मग आमच्या वाडीचं महसुली गाव कोणतं, हे नक्की कसं ठरवायचं?

सातबारा काढा. वर गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. त्यातलं ‘गाव’ म्हणजेच महसुली गाव. भावकीत जमिनीवरून बोलणं बंद असलं तरी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

बाकीच्या पत्त्यांवर विसंबू नका. पत्रावर ‘मु. पो.’ नंतर येणारं नाव पोस्ट ऑफिस जिथे आहे त्या गावाचं असतं, आणि एका पोस्टात पाच-सहा गावं येऊ शकतात. एसटीच्या पाटीवरचं नाव थांब्याचं. कोकण रेल्वेचं स्टेशन तर कधीकधी ज्या गावाच्या नावाचं असतं तिथून चांगलं लांब असतं. सगळ्यात मोठा घोळ ग्रामपंचायतीच्या नावाने होतो. दोन-तीन महसुली गावं मिळून गट ग्रामपंचायत असते, आणि काही ठिकाणी एका मोठ्या गावात एकाहून जास्त ग्रामपंचायती असतात. ग्रामपंचायतीचं नाव घेऊन जनगणनेचा तक्ता उघडला, तर निम्म्याच गावाचा आकडा हाती लागू शकतो.

पालघर आणि इतर अनुसूचित क्षेत्रांत आणखी एक पदर आहे. पेसा कायद्याखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली, पाड्याला ‘गाव’ म्हणून जाहीर करता येतं आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा होते. ते ग्रामसभेपुरतं गाव. महसुली दप्तरातलं गाव तेवढ्यानं बदलत नाही.

आमच्याच नावाची पाच गावं दिसतात. आमचं कोणतं?

शिरगाव घ्या. रत्नागिरी शहराला लागून एक, चिपळूण तालुक्यात कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला एक, देवगड तालुक्यात एक, पालघरच्या किनाऱ्यावर किल्ल्याचं एक आणि मावळात एक. पाली म्हणाल तर बल्लाळेश्वराची सुधागडात, खंडोबाची साताऱ्यात आणि मुंबई-गोवा महामार्गावरची रत्नागिरी तालुक्यात. मुरुड जंजिऱ्याजवळ आहे, दापोलीत आहे आणि लातूर जिल्ह्यातही आहे.

त्यामुळे नुसतं नाव कधीच लिहू नका. जिल्हा, तालुका आणि गाव हे तिन्ही लागतात. एकाच तालुक्यात दोन सारखी नावं असली, तर जुन्या लोकांनीच सोय करून ठेवली आहे: बुद्रुक, खुर्द किंवा ‘तर्फ’ अमुक. बोलताना आपण हे शेपूट गाळतो, पण यादीत तेच महत्त्वाचं. इंग्रजी यादीत ‘बी. के.’ म्हणजे बुद्रुक आणि ‘के. एच.’ म्हणजे खुर्द. नावापुढे ‘एन. व्ही.’ असेल तर ते नव्याने झालेलं महसुली गाव समजा, म्हणजे आधीच्या जनगणनेत ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात असणार. ‘सी. टी.’ असेल तर ते सेन्सस टाउन: ग्रामपंचायत असूनही जनगणनेनं शहरी धरलेलं. त्यासाठी किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, अशा तीन अटी आहेत. असं गाव ग्रामीण यादीत शोधून सापडणार नाही.

इंग्रजी स्पेलिंग जुळत नाही. काय करावं?

जनगणनेच्या तक्त्यांत नावं रोमन लिपीत येतात. तिथे ळ आणि ल एकच, ण आणि न एकच, ड आणि द एकच, आणि काना कुठे आहे ते देवाला ठाऊक. एकाच गावाचं स्पेलिंग २००१ मध्ये एक आणि २०११ मध्ये दुसरं, असंही आढळतं. उपाय सोपा आहे. नाव टाइप करून शोधण्याऐवजी तालुक्याची पूर्ण यादी उघडा आणि वरून खाली वाचत या. शेजारची गावं ओळखीची निघाली की आपलंही सापडतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे कोड.

हा कोड काय प्रकार आहे?

२०११ च्या जनगणनेत देशातल्या प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिला गेला. महाराष्ट्राचा राज्य कोड २७. त्याखाली जिल्हे: ठाणे ५१७, मुंबई उपनगर ५१८, मुंबई शहर ५१९, रायगड ५२०, सातारा ५२७, रत्नागिरी ५२८, सिंधुदुर्ग ५२९. मग तालुका आणि शेवटी गाव. नावं दहा ठिकाणी सारखी असतील, गावाचा कोड एकदाच येतो.

केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी म्हणून एक यादी आहे. तिच्यात बहुतेक गावांना हाच २०११ चा क्रमांक ठेवला आहे. आणि २०२१ पासून सातबाऱ्याचं रूप बदललं तेव्हा गावाच्या नावासोबत हा कोडही छापला जाऊ लागला. म्हणजे घरातल्या अलीकडच्या उताऱ्यावरच तुमच्या गावाची ओळख छापलेली आहे. मंडळाच्या घटनेत, स्मरणिकेत, अर्जात हा कोड एकदा लिहून ठेवा, पुढच्या पिढीचे कष्ट वाचतील.

एक सावधगिरी. २००१ चे कोड वेगळे होते. दोन जनगणनांची तुलना करताना कोडवर कोड ठेवू नका, नाव आणि तालुका पाहूनच जुळवा.

आमच्या गावात घरं दीडशे आणि लोकसंख्या तीनशेच? सेन्ससवाले आलेच नव्हते!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि सगळ्यात जास्त रागाने येतो. प्रगणक बहुधा आले होते. तुम्ही नव्हतात.

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली. १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भक्षण धरला आणि मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणी झाली. माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजायचा, हा नियम. जो त्या संपूर्ण काळात गावात नव्हता, तो गावच्या घराच्या यादीत धरला जात नाही. गणपतीला दहा दिवस, शिमग्याला पाच दिवस आणि मेमध्ये आंबे खायला येणारा चाकरमानी डोंबिवलीत मोजला गेला. आंगणेवाडीच्या जत्रेला लाखो माणसं लोटतात, ती मसुऱ्याची होत नाहीत, तसंच हे. गावचं घर मात्र घरयादीत आलं, बंद किंवा रिकामं म्हणून. तुमची दीडशे घरं आणि तीनशे माणसं अशी एकत्र बसतात.

जिल्ह्याचे आकडे पाहिले की हे फक्त तुमच्या गावाचं दुखणं नाही, हे कळतं. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. यांच्या पंक्तीला तिसरा जिल्हा आहे तो मुंबई शहर! ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. म्हणजे गाव सोडून लालबागला आलेल्यांची मुलं पुढे लालबाग सोडून कल्याण, विरार, बदलापूरला गेली. त्याच २०११ मध्ये ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. आपलं गाव शोधायचं तर त्याचा अर्धा भाग तिकडे आहे.

दुसरी खूण म्हणजे स्त्री-पुरुष प्रमाण. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, राज्यात सर्वांत जास्त. मुंबई शहरात ८३२. दोन्ही आकड्यांमागे बऱ्याच अंशी एकच तिकीट आहे: पुरुष कमवायला मुंबईला गेले. स्मरणिकेत ‘आमच्या गावात स्त्रियांचा सन्मान’ असं शीर्षक देऊन पहिला आकडा छापण्याआधी जरा थांबा.

दहा-वीस वर्षांपूर्वीचे आकडे कुठे मिळतील?

जिल्हा जनगणना पुस्तिकेत. १९५१ पासून प्रत्येक जनगणनेनंतर जिल्हावार निघते आणि जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर बऱ्याचशा मोफत उतरवून घेता येतात. तिचे दोन भाग. पहिल्यात गावाची निर्देशिका: क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, शाळा, दवाखाना, पाणी, बस, जवळचं शहर. गावात सोय नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहात, की दहाच्या पुढे, हे दिलेलं असतं. दुसऱ्यात प्राथमिक गोषवारा: कुटुंबं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती, शेतकरी, शेतमजूर, इतर कामकरी. लोक फक्त लोकसंख्येचा रकाना पाहून पान बंद करतात. खरी गोष्ट पहिल्या भागात असते. १९६१ मध्ये गावात काय नव्हतं, हे वाचून पाहा.

शोधताना जिल्हा-तालुका त्या काळचा लावायचा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला झाला, त्याआधीची कणकवली, मालवण, सावंतवाडी रत्नागिरीच्या पुस्तिकेत. रायगड हे नावही १९८१ चं, त्याआधी कुलाबा. दोडामार्ग १९९९ पर्यंत सावंतवाडी तालुक्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा, म्हणून २०११ चे डहाणू-जव्हारचे आकडे ठाण्यात पाहायचे.

आणि स्वातंत्र्याच्या आधीचे?

देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ ची. त्याआधी १८७२ ची एक आहे. या छापील खंडांत मुख्यतः जिल्हा आणि तालुक्याचे आकडे मिळतात, लहान गावाचा आकडा मिळणं नशिबावर. तुमचं गाव सावंतवाडी संस्थानात होतं, की जंजिऱ्याच्या नवाबाकडे, की थेट मुंबई इलाख्यात, हे आधी ठरवा. म्हसळा-श्रीवर्धनकडचे लोक कुलाब्यात शोधत बसतात आणि पान असतं जंजिरा संस्थानात. गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथांत, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. त्यांत बंदरं, बाजार, किल्ले, देवळं असलेल्या गावांवर टिपणं आहेत.

मुंबईची बाजू मात्र चांगली सापडते. १८८१ मध्ये शहराच्या ७,७३,१९६ लोकांपैकी जेमतेम २८ टक्के मुंबईत जन्मलेले होते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वा लाखाच्या घरात. गावाच्या इतिहासात हे वाक्य जरूर घ्या.

पणजोबांचं नाव जनगणनेच्या अर्जात सापडेल का?

नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की प्रगणकाच्या नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. माहितीच्या अधिकारात अर्ज केलात तरी उत्तर हेच येणार. परदेशातले लोक आजोबांच्या जनगणनेच्या कागदाचा फोटो टाकतात, ते पाहून आपल्याकडेही तसं असेल अशी समजूत होते.

नावं हवी असतील तर इतर दप्तरं आहेत: शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार, खासरापत्रकं आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची जन्म-मृत्यूची नोंद. तहसील कार्यालयात नक्कल मागता येते. नोंद मोडीत निघाली तर वाचणारा आधी शोधून ठेवा. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधताना अनेक कुटुंबांनी हीच दप्तरं धुंडाळली.

गावात कोणत्या जातीचे किती, हे कळेल का?

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींची गावनिहाय एकूण बेरीज मिळते. गावपातळीवर एकेका जातीचा आकडा त्यात नसतो. सर्व जातींची आकडेवारी शेवटची १९३१ ची. १९४१ मध्ये जात विचारली गेली, पण युद्धामुळे तक्ते झाले नाहीत. २०२७ मध्ये पुन्हा विचारली जाणार आहे.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्या, कारण कोकणातल्या स्मरणिकांत ती हमखास चुकते. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध म्हणून नोंद झालेली माणसं जनगणनेत अनुसूचित जातीत धरली जात नव्हती. बौद्धांचा समावेश १९९० च्या कायदा दुरुस्तीनं झाला. म्हणून राज्यात अनुसूचित जातींचं प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७ टक्के आणि १९९१ मध्ये ११ टक्के दिसतं. तुमच्या गावातही तसाच उसळलेला आकडा दिसेल. बाहेरून कुणी येऊन वसलं नाही, बौद्धवाडी तिथेच होती. फक्त रकाना बदलला.

वाड्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला. जुन्या कागदात वाडी शोधताना जुनं नाव माहीत असावं लागतं. स्मरणिकेत छापताना नवंच वापरा.

आम्ही मालवणी बोलतो. ते दिसतं का?

मातृभाषा ‘मालवणी’ सांगितली तर ती कोकणीच्या गटात धरली जाते, ‘मराठी’ सांगितली तर मराठीत. भाषेचे तक्ते गावाचे निघत नाहीत.

मग फक्त आमच्या वाडीची लोकसंख्या हवी असेल तर?

जनगणनेतून मिळणार नाही, दुसरीकडून जुळवावी लागेल. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंच्या सर्वेक्षणाच्या वह्या सर्वांत ताज्या असतात. वाडीतलं कोण बाळंतपणाला माहेरी गेलंय, हेही त्यांना ठाऊक असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घरपट्टीची घरं वाडीवार लावता येतात. जलजीवन मिशनच्या आकडेवारीत वस्तीनिहाय कुटुंबं असतात. मतदार यादीतही वाडीवार विभाग सापडतात, पण त्यावर लोकसंख्या ठरवू नका. वीस वर्षं नालासोपाऱ्यात राहणाऱ्यांची नावं तिथे अजून आहेत, आणि का आहेत ते आपल्याला माहीत आहे.

आकडा छापताना स्रोत आणि वर्ष लिहा. ‘जनगणनेनुसार वाडीची लोकसंख्या’ असं लिहू नका.

नकाशावर वाडी कशी दाखवायची?

गावाची हद्द आणि गट नंबर महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. वाड्या, ओढे, पायवाटा यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे चांगले. संगमेश्वरचा भाग ४७ जी या क्रमांकाच्या नकाशांत येतो, राजापूरचा ४७ एच मध्ये. गूगलवर कुणीही नाव टाकू शकतो, त्यामुळे तिथल्या वाडीच्या नावावर पैज लावू नका. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे गणपतीत गावी गेल्यावर देऊळ, शाळा, विहीर, सहाण (पालखी ठेवायचा चौथरा) अशा न हलणाऱ्या जागांवर उभं राहून मोबाइलमधून अक्षांश-रेखांश टिपून घेणं. घरं पडतात, नवी होतात, सहाण तिथेच असते.

आमचं गाव धरणात गेलं. आता ते कुठे शोधायचं?

आधी दोन गावं धरा: बुडालेलं आणि वसवलेलं. कोयनेच्या शिवसागरात जावळी आणि पाटणची गावं गेली, आणि माणसं रायगड, रत्नागिरी, ठाण्यापर्यंत पांगली. बुडालेल्या गावासाठी धरणाआधीची, म्हणजे १९५१ ची उत्तर सातारा जिल्ह्याची पुस्तिका पाहा; तेव्हा जिल्ह्याचं नाव तेच होतं. वसाहत ज्या महसुली हद्दीत बसली, तिथे पुढचे आकडे. जुन्या गावाचं नाव वसाहतीला दिलेलं असलं तरी ती स्वतंत्र महसुली गाव झाली की नाही, हे सातबाऱ्यावरच कळेल.

आमचं गावच मुंबईत आहे. मरोळ, वेसावे, आरेतला पाडा. आमचं काय?

मिळकत पत्रिकेवर अजूनही ‘मौजे’ लिहिलेलं असलं तरी मुंबईचे दोन्ही जिल्हे जनगणनेत पूर्ण शहरी आहेत. त्यामुळे गावांची यादीच नाही, आकडे महापालिकेच्या वॉर्डनिहाय मिळतात. गावठाण किंवा कोळीवाडा वेगळा काढता येत नाही. नवी मुंबईत आणि वसई-विरारमध्ये महापालिकेत गेलेल्या गावांचंही तेच, पण तिथे महापालिकेआधीच्या पुस्तिकांत गावं शाबूत आहेत.

मुंबईत कुठे जाऊन पाहता येईल?

राज्याचं जनगणना संचालनालय बॅलार्ड इस्टेटला आहे. जुने खंड आणि गॅझेटिअर यांसाठी फोर्टमधली एशियाटिक सोसायटी, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था. जाण्याआधी वेळ आणि ओळखपत्राचं विचारून घ्या. सुट्टी टाकून गेलात आणि दार बंद असलं, तर मंडळाचे अध्यक्ष भरपाई देत नाहीत.

२०२७ च्या जनगणनेत आम्ही सगळ्यांनी गावी जाऊन नावं लावली तर?

हा ठराव काही मंडळांत खरोखर चर्चेला येतो. संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि मोजणी फेब्रुवारीत. नियम तोच, नेहमी राहता तिथे नोंद. दोन्हीकडे नाव लावू नये, आणि खोटी माहिती देणं हा कायद्यानं गुन्हा आहे. या वेळी स्वतः ऑनलाइन माहिती भरायचीही सोय आहे, तीही राहत्या घरासाठी.

गावासाठी करण्यासारखं काम वेगळं आहे. गावी कायम राहणाऱ्यांपैकी कुणी सुटू नये हे पाहा: डोंगरावरचं एकटं घर, कातकऱ्यांची भट्टीवर गेलेली कुटुंबं, मुलीकडे आलटून-पालटून राहणारी आजी. प्रगणक बहुधा शाळेतले गुरुजी किंवा बाई असतील, त्यांना वाड्यांची यादी आणि वाटा दाखवणारं माणूस द्या. वाडीला स्वतंत्र महसुली गाव करायचं असेल, तर ते महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४ खाली होतं. पण या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. त्यानंतर झालेलं नवं गाव २०२७ च्या तक्त्यात दिसणार नाही, प्रस्ताव आता केला तर तो पुढच्या जनगणनेसाठी.